तेच वाक्य, पुन्हा पुन्हा: पडद्यावरच्या मराठीसाठी काही मुद्दे

पुण्याच्या कसबा पेठेतल्या माणसाचे किती व्यवहार आता पडद्यावर होतात, हे सांगत बसण्याची गरज नाही. मिळकतकर, दाखले, बँक, गॅसचे सिलिंडर, मेट्रोचे तिकीट, सगळे काचेवर बोट टेकवून. बहुतेक ठिकाणी ‘मराठी’ निवडायची सोयही असते. ती निवडली की काय दिसते, हेही आपण रोज अनुभवतो. चार ओळी मराठीत, पाचवी इंग्रजीत, सहावी पुन्हा मराठीत पण चौथीशी न जुळणारी. मग आपण वैतागून म्हणतो, ‘कुणी केलंय हे भाषांतर?’

नागरिकहो, हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो आहे. पडद्यावरची मराठी बिघडते ती बहुतेक वेळा अनुवादकाच्या टेबलावर नव्हे, त्याच्या बरीच आधी, इंग्रजी मजकूर लिहिला जातो तिथे. एकाच अर्थाची, एखाद्या शब्दाने किंवा टिंबाने वेगळी असलेली वाक्ये सॉफ्टवेअरमध्ये बेफिकिरीने भरली जातात आणि त्यांची किंमत मराठी मोजते. ही जुळी वाक्ये कमी करा, अशी आमची मागणी आहे. त्यामागचे मुद्दे असे.

१. प्रत्यक्षात काय घडते ते आधी जवळून पाहू. नागरी सेवेच्या एका ॲपमधला मजकूर आमच्या अनुवादक गटाकडे मराठी करण्यासाठी आला होता. वापरणाऱ्याकडून मोबाइल क्रमांक मागण्यासाठी त्यात पाच इंग्रजी वाक्ये होती: ‘एंटर मोबाइल नंबर’, ‘एंटर युवर मोबाइल नंबर’, ‘प्लीज एंटर मोबाइल नंबर’, तेच वाक्य शेवटी पूर्णविराम देऊन, आणि ‘प्लीज एंटर युवर मोबाइल नं.’ पाच पडदे, पाच वेगवेगळे प्रोग्रामर, पाच वाक्ये. एकानेही दुसऱ्याने काय लिहिले ते पाहिलेले नव्हते. अनुवादकांपुढे ही पाच वाक्ये एकाखाली एक येत नाहीत. पहिले यादीच्या सुरुवातीला येते, दुसरे शे-दोनशे नोंदींनंतर, तिसरे दुसऱ्याच फायलीत. काम तिघांत वाटलेले. एकाने ‘मोबाइल क्रमांक टाका’ केले, दुसऱ्याने ‘कृपया आपला भ्रमणध्वनी क्रमांक प्रविष्ट करा’ केले, तिसऱ्याने ‘मोबाइल नंबर भरा’. तिघांचेही बरोबर आहे. तरीही नागरिकाच्या हातात जाते ती तीन तोंडांनी बोलणारी मराठी. हा दोष अनुवादकांचा म्हणायचा की वाक्ये मोकाट सोडणाऱ्यांचा? मजकुराला धनी नसणे हा या रोगाचा उगम आहे, आणि धनी नेमणे ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची जबाबदारी आहे.

२. काही फरक तर मराठीत दिसूच शकत नाहीत. इंग्रजीत ‘सेव्ह ॲज’ हे दोन शब्द किमान तीन तऱ्हांनी लिहितात: दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर मोठे, फक्त पहिल्याचे मोठे, किंवा सगळीच अक्षरे मोठी. संगणकाच्या हिशेबी या तीन स्वतंत्र ‘स्ट्रिंग’, म्हणजे मजकुराच्या तीन वेगळ्या नोंदी. देवनागरीत मोठी अक्षरे आणि छोटी अक्षरे असा प्रकारच नाही. म्हणजे मराठी अनुवादकाने तीनदा तेच शब्द टाइप करायचे, तेही अशा भेदासाठी जो आपल्या लिपीत अस्तित्वातच नाही. शेवटचा विसर्गासारखा कोलन, चुकून राहिलेली मोकळी जागा, एकेरीऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह, यांचीही तीच कथा. कोलन लागतो की नाही हे पडद्याच्या मांडणीने ठरवावे, वाक्यात तो घुसडू नये. अनुवादकाचा वेळ असल्या भेदांवर उधळण्याचा अधिकार कुणालाही नाही.

३. सर्वांत मोठे नुकसान मात्र इथे नाही. ते वाक्य बदलताना होते, आणि त्याची यंत्रणा सामान्य नागरिकाला माहीत नसल्यामुळे त्याबद्दल कुणी जाबही विचारत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ‘गेटटेक्स्ट’ नावाची व्यवस्था गेली तीस वर्षे चालत आली आहे. अनुवाद ‘पीओ’ फायलींत राहतो. वर इंग्रजी वाक्य, खाली मराठी. इथे इंग्रजी वाक्य हीच त्या नोंदीची किल्ली असते. ती किल्ली एका अक्षराने बदलली की कुलूप उघडत नाही. कुणीतरी इंग्रजी वाक्यातला ‘प्लीज’ काढला किंवा शेवटी पूर्णविराम जोडला, की यंत्र जुने मराठी वाक्य नव्या नोंदीला चिकटवते खरे, पण त्यावर ‘फझी’ असा शिक्का मारते. फझी म्हणजे संशयित. माणसाने ते वाचून शिक्का काढेपर्यंत ती नोंद तयार सॉफ्टवेअरमध्ये जातच नाही, आणि तोवर वापरणाऱ्याला तिथे इंग्रजी दिसते. पुन्हा वाचा: अर्थ तोच आहे, मराठी वाक्य बिनचूक आहे, ते फायलीत हजर आहे, आणि तरीही इंग्रजीतल्या एका टिंबापायी ते तुमच्या पडद्यावरून गायब झाले आहे. लिबरऑफिसमध्ये तीन सुट्या टिंबांच्या जागी तीन टिंबांचे एकच चिन्ह घालण्यासारख्या सुधारणा झाल्या, तेव्हा अनेक देशांतल्या भाषागटांनी उघड नाराजी नोंदवली होती. त्यांचे चुकले का? तांबट आळीतल्या कारागिराकडे तयार हंडा परत नेऊन ‘काठ केसभर खाली घ्या, आणि त्यासाठी सगळा हंडा पहिल्यापासून मठारा’ असे सांगण्याची हिंमत आपल्यापैकी कुणी करेल? अनुवादकाला मात्र हे दर आवृत्तीला सांगितले जाते. चार ओळी मराठी आणि पाचवी इंग्रजी दिसते ती बऱ्याचदा यामुळे. अनुवाद ‘अपूर्ण’ असतो म्हणून नव्हे, तो मोडून टाकला जातो म्हणून.

४. हे कष्ट कोण करते, याचाही विचार व्हायला हवा. फायरफॉक्स, ग्नोम, केडीई, लिबरऑफिस ही मुक्त सॉफ्टवेअरे आणि विकिपीडियाचा इंटरफेस, यांची मराठी मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांनी उभी केली आहे. नोकरी, अभ्यास, घर सांभाळून रात्री बसणारी ही माणसे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांहून अधिक होते. त्यांच्यासाठी हे काम नियमित करणारे मात्र मूठभरच आहेत. त्या मुठीतल्या एखाद्याला दर सहा महिन्यांनी आपलेच जुने वाक्य पुन्हा तपासायला बसवले, तर तो किती काळ टिकेल? व्यावसायिक अनुवादकाची स्थितीही फार वेगळी नाही. अनुवादसंस्था शब्दामागे दर देतात, आणि आधीच्या वाक्याशी सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर जुळणारे वाक्य आले की तो दर कापतात. हिशेब असा की काम ‘जवळपास झालेलेच’ आहे. पण दोन वाक्यांत नेमका फरक कुठे आहे, तो अर्थाचा आहे की टिंबाचा, हे शोधायला कधीकधी नवे वाक्य लिहिण्यापेक्षा जास्त डोळे लागतात. जुळ्या वाक्यांचा भुर्दंड म्हणजे अनुवादकाच्या मेहनतान्यातून केलेली कपात आहे, आणि ती बिनबोभाट चालू आहे.

५. आणि नागरिक? पेठेतल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या आजोबांचा विचार करा. मुलगा परगावी, नातवाला वेळ नाही, पण स्वतःचे काम स्वतः करायची उमेद आहे. एका पडद्यावर बटणावर ‘सादर करा’ असते, पुढच्यावर ‘पाठवा’, तिसऱ्यावर ‘सबमिट करा’. तिन्ही एकच काम करतात, हे तुम्हा-आम्हाला कळते. त्यांना वाटते, ही तीन वेगळी कामे असतील. मागचे अर्धवट राहिले का? पैसे दोनदा गेले का? वेगळा शब्द म्हणजे वेगळी गोष्ट, असे समजणे हा त्यांचा अडाणीपणा नाही, ती भाषा वापरण्याची शहाणी रीत आहे. सरकारी कागदावर आयुष्यभर त्यांनी हेच पाहिले आहे की शब्द बदलला तर अर्थ बदलतो. मग ते फोन खाली ठेवतात आणि कोपऱ्यावरच्या एजंटाकडे जातात. फुकट होणाऱ्या कामाचे पैसे देतात, आणि जाताना आधार क्रमांक व ओटीपीही परक्याच्या हाती देतात. पडदा वाचून दाखवणाऱ्या यंत्रावर अवलंबून असलेल्या अंध नागरिकाची अडचण तर याहून मोठी, कारण त्याला बटणाचा रंग, जागा, आकार यांचा आधार नाही. त्याच्यापाशी फक्त शब्द असतो. शब्दांची ही बेशिस्त माणसांना त्यांच्याच हक्काच्या सेवेपासून लांब ढकलते.

६. इथे एक सावधगिरीचा इशारा, कारण घाईने केलेला उपाय रोगापेक्षा वाईट ठरतो. ‘सारखी वाक्ये एक करा’ म्हटले की काही प्रोग्रामर वाक्यांचे तुकडे पाडतात आणि तेच तुकडे जिथे-तिथे जोडतात. इंग्रजीला ते बऱ्यापैकी सोसते, मराठीला मुळीच नाही. आपल्याच मेट्रोचे स्थानक घ्या. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला, आणि त्यावरच्या आधी बुधवार पेठ म्हटल्या जाणाऱ्या स्थानकाला कसबा पेठ हे नाव मिळाले. समजा एखाद्या तिकिटाच्या ॲपमध्ये स्थानकाचे नाव प्रत्येक वाक्यात स्वतंत्र लिहिले असेल, तर नाव बदलताच ती सगळी वाक्ये मोडतील. म्हणून नावाच्या जागी रिकामी चौकट ठेवून यंत्राने नाव भरायचे, हा शहाणपणा झाला. पण ‘अमुकला जाणारी गाडी’ असे वाक्य करून चौकटीत नाव भरले की यंत्र ‘कसबा पेठला’ लिहिणार. आपण म्हणतो ‘कसबा पेठेला’. स्वारगेट आणि मंडईला प्रत्यय तसाच लागतो, पेठेला सामान्यरूप होते, आणि यंत्राला ते कोण सांगणार? वाक्य मुळातच ‘कुठून: कसबा पेठ. कुठे: स्वारगेट.’ असे लिहिले, तर प्रश्नच उरत नाही. तीच गोष्ट लिंगाची. इंग्रजीतला एकच ‘डिलीटेड’ हा शब्द फाइलला, फोल्डरला आणि चित्राला पुरतो. मराठीत फाइल हटवली, फोल्डर हटवला, चित्र हटवले. ‘ओपन’ हे कुठे आज्ञा आहे, कुठे अवस्था; कुठे ‘उघडा’, कुठे ‘उघडे आहे’. अशा जागी दिसायला एकच असलेले इंग्रजी शब्द वेगळेच ठेवले पाहिजेत, आणि प्रत्येकाबरोबर तो कुठल्या पडद्यावर कशासाठी येतो याची टीप दिली पाहिजे. ती देण्याची सोय गेटटेक्स्टमध्ये आहे, पण ती वापरण्याचे कष्ट फार थोडे घेतात. तेव्हा आमची मागणी नीट समजून घ्या: अर्थ एक असेल तिथे वाक्य एक, अर्थ वेगळा असेल तिथे वाक्य वेगळे आणि त्याचे कारण सोबत लिहिलेले. हा निवाडा यंत्रावर सोडता येणार नाही. तो भाषा जाणणाऱ्या माणसानेच, आणि इंग्रजी मजकूर पक्का होण्याआधी, करायला हवा.

७. ‘आता यंत्रच भाषांतर करते, मग ही चिंता कशाला?’ असे आम्हाला हल्ली हमखास विचारले जाते. पाच जुळी वाक्ये यंत्राला दिली तर ते पाच मराठी वाक्ये देईल, आणि कुठल्या दोनांत फरक हवा होता, कुठल्या दोनांत नको होता, हे त्यालाही कळणार नाही, कारण ते कुठे लिहिलेलेच नाही. शिवाय त्या पाचही वाक्यांवरून नजर फिरवायला शेवटी माणूस लागतोच. यंत्राने वेग वाढतो, पण मुळातला घोळ तोच राहून त्याच वेगाने पसरतो.

८. हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. ज्यांना करायचे होते त्यांनी केले आहे. ग्नोम प्रकल्पात नवी आवृत्ती येण्याआधी काही आठवडे ‘स्ट्रिंग फ्रीझ’ लागतो. त्यानंतर पडद्यावरचा एक शब्द बदलायचा तरी अनुवाद सांभाळणाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलामध्ये इंग्रजी वाक्य ही किल्ली नसते, प्रत्येक वाक्याला स्वतंत्र ओळख असते. तिथला नियम साधा आहे: अर्थ बदलला तर ओळख बदला, नुसते शुद्धलेखन सुधारले तर बदलू नका. म्हणजे इंग्रजीतल्या टिंबापायी मराठी वाक्य पडद्यावरून जात नाही. आणि आपल्या पुण्याचे काय? १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेचे मुख्यालय पुण्यात, भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या ‘जिस्ट’ या तंत्राचे मोठे काम इथे झालेले. रेड हॅट या मुक्त सॉफ्टवेअर कंपनीतल्या पुण्याच्या मंडळींच्या पुढाकाराने २००८ च्या सुमारास ‘फ्यूएल’ हा उपक्रम सुरू झाला: पडद्यावर वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी काढायची, भाषेची जाणकार माणसे एका टेबलाभोवती बसवायची, एकेका शब्दावर चर्चा करून एक प्रतिशब्द ठरवायचा आणि तो सगळ्यांसाठी खुला करायचा. ज्या शहराने अनुवादाच्या टोकाला ही शिस्त आणली, त्याच शहरात मूळ मजकुराच्या टोकाला ती का नसावी? हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात जगभरच्या सॉफ्टवेअरचे इंग्रजी वाक्य रोज लिहिले जाते, आणि ते लिहिणाऱ्यांत मराठी घरांतली मुले-मुली मोठ्या संख्येने आहेत. पुण्याला या बाबतीत अज्ञानाची सबब उपलब्ध नाही.

९. म्हणून जबाबदारी नावानिशी ठरवू या. पहिली सरकारची आणि महापालिकेची. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठी बंधनकारक करणारा कायदा विधिमंडळाने मार्च २०२२ मध्ये संमत केला. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. इतके सगळे असूनही सॉफ्टवेअरच्या निविदेत मराठीबद्दल एखादी ओळ असते, ‘ॲप मराठीत उपलब्ध असावे’, आणि तिथेच विषय संपतो. त्या ओळीच्या जागी अटी हव्यात. कंत्राटदाराने पडद्यावरच्या साऱ्या मजकुराची यादी मराठी काम सुरू होण्याआधी द्यावी. टिंबे, मोकळ्या जागा, मोठी-छोटी अक्षरे बाजूला ठेवून त्या यादीतली जुळी वाक्ये शोधावीत. हे करणारी फुकट साधने उपलब्ध आहेत, आणि नसती तरी कॉलेजातला विद्यार्थी तसा छोटा प्रोग्राम लिहू शकतो. उरलेल्या प्रत्येक वाक्याला संदर्भाची टीप असावी. आणि मजकूर पक्का झाल्यावर नुसत्या सजावटीसाठी तो बदलला, तर त्यामुळे वाढलेल्या अनुवादाचा खर्च कंत्राटदाराने सोसावा. दुसरी जबाबदारी शिक्षणसंस्थांची. १८५४ पासून अभियंते घडवणाऱ्या सीओईपीपासून कालपरवा निघालेल्या कॉलेजांपर्यंत, प्रोग्राम चालतो का याला गुण आहेत, त्यातले वाक्य दुसऱ्या भाषेत जाऊ शकते का याला किती ठिकाणी आहेत? ज्याला आपले वाक्य कुणीतरी मराठीत, तमिळमध्ये, अरबीत आणणार आहे याची जाणीवच करून दिली नाही, तो जुळी वाक्ये लिहिणारच. दोष त्या मुलाला देण्याआधी अभ्यासक्रम तपासा.

१०. अनुवादकांनीही गप्प बसू नये. जुळे वाक्य दिसले की निमूट भरून पुढे जायची आपल्याला सवय लागली आहे, कारण भरणे सोपे आणि तक्रार करणे वेळखाऊ. पण मुक्त प्रकल्पांत मूळ वाक्याबद्दल नोंद करायची सोय असते, आणि ‘ही तीन वाक्ये एक करता येतील’ अशी नेमकी, फायलीच्या नावासह केलेली नोंद प्रोग्रामर सहसा आनंदाने स्वीकारतो, असा आमचा अनुभव आहे. तिथे एकदा केलेली दुरुस्ती मराठीपुरती राहत नाही. ते वाक्य कोकणीत, कन्नडमध्ये, स्वाहिलीत आणणाऱ्याचेही तेवढे काम वाचते. वाचकांनी काय करावे? ज्या ॲपमध्ये एकाच बटणाची तीन नावे दिसतील त्याच्या पडद्यांची छायाचित्रे घ्या, तीनही एकाखाली एक लावा आणि ती सेवा देणाऱ्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. ‘भाषांतर वाईट आहे’ असे मोघम लिहू नका. ‘या तीन जागी मूळ इंग्रजी वाक्य कोणते आहे आणि ते वेगवेगळे का आहे?’ असा प्रश्न विचारा, आणि त्याचे लेखी उत्तर मागा.